काका, रिकव्हरीवाल्याचा फोन आलाय!

मागच्या अंकात हप्ते थकण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पत्रांचा ढीगच लागला. मी बँकेत होतो आणि शेवटची काही वर्षं वसुलीच्याच टेबलावर काढली, त्यामुळे फोनच्या पलीकडचा माणूस काय विचार करत असतो ते थोडंफार माहितीये. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

प्रश्न : २०२१ मध्ये नोकरी गेली तेव्हा क्रेडिट कार्डाचे १ लाख ४० हजार थकले होते. एजंट म्हणाला ६० हजार भरा, फाइल बंद करून टाकतो. भरले. आता होम लोन मागायला गेलो तर म्हणतात सिबिलमध्ये 'सेटल्ड' दिसतंय, देता येणार नाही. पण काका, मी पैसे भरले होते ना?

भरले होते दादा, पण सगळे नाही भरले, आणि रिपोर्टमध्ये नेमकं तेच लिहिलंय. एजंट 'फाइल बंद' म्हणतो तेव्हा त्याच्याकडची फाइल बंद होते, त्याचं कमिशन सुटतं, विषय संपला. बँकेच्या हिशोबात मात्र तुमचे ८० हजार सोडून दिलेले म्हणून पडून आहेत. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडलं आणि 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीत कमी घेऊन मिटवलं, आणि उद्या कर्ज देणारा अधिकारी क्रेडिट स्कोअरच्या (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांच्या) आकड्याइतकंच, कधी कधी त्याच्याआधी, हा शब्द बघतो.

आता करायचं काय, तर आधी रिपोर्ट काढा. सगळे 'सिबिल सिबिल' करतात पण भारतात कर्जफेडीची नोंद ठेवून असा रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो चारही ठिकाणचा काढा, कारण नवीन बँक यातली कुठलीही उघडून बघेल आणि एकीकडे दुरुस्त होऊन दुसरीकडे तसंच राहिलं असं मी कितीदा बघितलंय.

मग कार्डाच्या बँकेला मेल टाका की अमुक खात्यावर माफ केलेली रक्कम किती, ती भरली तर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवणार का. उत्तर लेखी आल्याशिवाय रुपया हलवू नका. कधी कधी ते वर व्याज लावून भलताच आकडा सांगतात, तिथे जरूर घासाघीस करा. पैसे कार्डाच्या खात्यातच भरायचे, कुणाच्या हातात नाही, आणि नो ड्यूज लेटर (काही बाकी नाही असं बँकेचं पत्र) घेऊन ठेवायचं. बँकांनी पूर्वी ही माहिती महिन्याला पाठवायची असा नियम होता, १ जानेवारी २०२५ पासून निदान पंधरा दिवसांनी पाठवावी लागते, म्हणजे दीडेक महिन्याने रिपोर्ट परत काढून बघितला तरी पुरे.

स्कोअर एकदम उडी मारेल अशी आशा मात्र ठेवू नका. रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांचा तक्ता असतो, कुठल्या महिन्यात किती दिवस उशीर झाला त्याचा, तो पुसला जात नाही, चांगले महिने साठत गेले की वाईट मागे सरकतात एवढंच. दरम्यान एफडीवर मिळणारं छोटं कार्ड घ्या, लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापरा, बिल पूर्ण भरा (मिनिमम ड्यू नव्हे, पूर्ण) आणि दहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकत फिरू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर चढते.

८० हजार भरावेत का? घर दोन वर्षांत घ्यायचंच असेल तर माझ्या मते भरा. कर्ज नजीकच्या काळात लागणारच नसेल आणि हाताशी काही शिल्लक नसेल, तर आधी चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाका, कारण परत नोकरी गेली तर परत हेच होणार. सेटलमेंट म्हणजे काही पाप नाही, खरंच जमत नसेल तर माणसाने ती घ्यावी, फक्त बँकेचं पत्र आधी हातात यावं आणि पैसे नंतर जावेत.

प्रश्न : मुलाचं पर्सनल लोन चार महिने थकलंय, त्याचा धंदा बसला. रिकव्हरीवाले रात्री साडेनऊला मला फोन करतात, शेजारच्या वहिनींनाही केला, म्हणे मुलाला अटक होणार, पोलीस घरी येतील. मला बीपी आहे. फोन बंद करून ठेवू का?

ताई, फोन बंद नका करू, तो तुमचा पुरावा आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवा.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला स्पष्ट सांगितलंय की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना मित्रांना त्रास द्यायचा नाही, खोटं सांगून घाबरवायचं नाही. तुमच्याकडे आलेल्या एका फोनमध्ये यातले तीन-चार नियम मोडलेत. शेजारच्या वहिनींचा तर या कर्जाशी काडीचाही संबंध नाही. आणि एजंट बँकेचा नोकर नसला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते, "ती आउटसोर्स एजन्सी आहे हो" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही.

पुढचा फोन आला की आवाज न चढवता विचारा, तुमचं नाव काय, एजन्सी कुठली, बँकेचं अधिकारपत्र आहे का. घरी आला तर ओळखपत्र आणि ते पत्र दाखवायला सांगा, दोन्ही जवळ बाळगणं त्याला बंधनकारक आहे. आमच्या वेळी निम्मे बहाद्दर या प्रश्नालाच गार व्हायचे. रोख रक्कम तर देऊच नका, पावती देतो म्हणाला तरी.

अटकेचं जरा नीट समजून घ्या कारण इथेच लोक घाबरून दागिने मोडतात. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, पैसे नाहीत म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत आणि वसुली हे पोलिसांचं कामही नाही. पण एक खाच आहे. मुलाने चेक दिले असतील आणि ते बाउन्स झाले तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला तर २००७ च्या पेमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ तसंच चालतं. तिथेही आधी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला असतात. म्हणून रजिस्टर पोस्टाने आलेलं पाकीट परत पाठवायचं नाही, कोर्टाचं समन्स आलं तर तारखेला हजर राहायचं. व्हॉट्सअॅपवर लाल शिक्के मारलेली 'अटक वॉरंट' येतात त्यांना घाबरू नका, केस नंबर विचारा आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून बघा, खरी केस असेल तर तिथे दिसते. वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस ही फक्त वकिलाची नोटीस असते, कोर्टाचा आदेश नाही.

मग मुलाला बसवा आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला त्याच्याकडून मेल लिहून घ्या. कर्ज खाते नंबर, कुठल्या तारखेला किती वाजता कुठल्या नंबरवरून फोन आला, काय बोलले, रेकॉर्डिंग आहे हे सगळं, आणि एजन्सीचं नाव लेखी कळवा अशी मागणी. त्याच मेलमध्ये धंद्याची स्थिती सांगून हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. कर्जदाराची तक्रार पडून असताना केस वसुली एजन्सीकडे पाठवू नये असा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे, अर्थात उगाच छळायला तक्रारी करणाऱ्यांना त्याची सूट नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार टाकायची, फुकट असते, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. मारण्याची, घरात घुसण्याची धमकी असेल तर लोकपालाची वाट न बघता सरळ पोलीस ठाण्यात जा.

हे सगळं केलं तरी कर्ज तिथेच आहे ताई, व्याज चालूच राहणार. नियम एजंटचा त्रास थांबवतात, हप्ता नाही. मुलाला म्हणावं फोन आईकडे येऊ देऊ नको, स्वतः उचल आणि महिन्याला खरंच किती जमेल तो आकडा सांग, उगाच फुगवून नको. कबूल केलेला हप्ता परत चुकला की पुढच्या वेळी कुणी ऐकून घेत नाही.

प्रश्न : कर्ज देणाऱ्या अॅपवरून ८ हजार घेतले होते. आता माझ्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना माझे फोटो एडिट करून पाठवायची धमकी देतात.

ही वसुली नाहीच, ही खंडणी आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत अॅपला तुमचे कॉन्टॅक्ट्स, फोटो, कॉल लॉग बघायची परवानगीच नाही. आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, १९३० वर फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, स्क्रीनशॉट जपून ठेवा, अॅपच्या सगळ्या परवानग्या काढा. घरच्यांना आणि दोन-चार जवळच्यांना आधीच सांगून टाका की असं काही येईल, उघडू नका. लाज वाटते, माहितीये, पण त्यांचा सगळा धंदा त्या लाजेवरच चालतो. हे थांबवण्यासाठी दुसऱ्या अॅपवरून कर्ज घेऊ नका. आणि अॅपमागे नोंदणी असलेली खरी कंपनी आहे का ते रिझर्व्ह बँकेच्या साइटवरच्या यादीत बघा, असेल तर मुद्दल तिलाच देणं लागतं, या फोनवाल्याच्या यूपीआयवर नाही.

प्रश्न : मावसभावाच्या कर्जाला जामीन राहिलो, त्याने हप्ते सोडले. बँक मला का धरते? मी तर फक्त सही केली होती.

'फक्त सही' यावरच आमचं अर्धं खातं चालायचं! भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही, आणि त्याचं थकलेलं खातं तुमच्याही रिपोर्टवर दिसतं. भावाशी बोला, भांडा, काय करायचं ते करा, पण तुम्ही भराल ते बँकेतूनच भरा आणि पावत्या ठेवा, कारण जे भरलं ते त्याच्याकडून परत मागायचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. नाती राहतात की जातात त्याबद्दल मी काय बोलणार.

प्रश्न : माझ्या रिपोर्टमध्ये ४२ हजारांचं एक कर्ज दिसतंय जे मी कधी घेतलंच नाही. एक 'क्रेडिट रिपेअर'वाला १५ हजारांत काढून देतो म्हणतोय.

त्याला सोडा. चूक असेल तर ती काढायला तक्रार फुकट टाकता येते आणि चूक नसेल तर १५ हजार काय, दीड लाख घेऊनही कुणी काढू शकत नाही.

रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या साइटवर डिस्प्यूट टाका आणि त्याच दिवशी त्या बँकेलाही मेल करा, कर्ज माझं नाही, अर्ज, केवायसी आणि पैसे कुठल्या खात्यात गेले त्याचा तपशील द्या. बहुतेक वेळा नावात नाव किंवा पॅनच्या आकड्यात घोळ असतो, पण कुणी तुमचा पॅन वापरून कर्ज उचललं असेल तर पोलीस तक्रारही हवी. दुरुस्तीला एकूण ३० दिवस आहेत, त्यातले २१ बँकेचे. त्याच्या पुढे गेलं तर जो उशीर करेल त्याने तुम्हाला दिवसाला १०० रुपये द्यायचे असा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालाय. मागितल्याशिवाय मिळतील या भरवशावर राहू नका, मेलमध्ये तारीख मोजून लिहा.

प्रश्न : बाबा गेले. त्यांचं पर्सनल लोन होतं. एजंट म्हणतो मुलगा म्हणून मलाच फेडावं लागेल.

वाईट वाटलं वाचून. तू सहकर्जदार किंवा जामीनदार नसशील तर तुझ्या पगारातून फेडायची जबाबदारी नाही, बाबांनी मागे जे ठेवलंय तेवढ्याच मर्यादेत बँक मागू शकते. आधी बँकेला मृत्यूचा दाखला दे आणि कर्जावर विमा होता का ते विचार, बऱ्याचदा काढलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. एजंटने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस, "नुसती पोचपावती आहे" म्हणाला तरी.

प्रश्न : स्वतःचा स्कोअर सारखा बघितला तर कमी होतो का?

नाही. बघा खुशाल.