कॉमर्सच्या माणसाला क्वांटम कॉम्प्युटर कळू शकतो का? त्यातला माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, म्हणजे क्युबिट, एकाच वेळी ० आणि १ कसा असतो?

कळू शकतो. मीही कॉमर्सचाच, ३२ वर्षं बँकेत लेजर टॅली केलंय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत भाचा आला होता. आयटीत आहे, हुशार आहे. जेवणं झाल्यावर मी त्याला हेच विचारलं. त्याने दहाचं नाणं काढून टेबलावर भिंगरीसारखं फिरवलं. "मामा, फिरतंय तोवर छापाही आहे आणि काटाही. क्युबिट असाच. म्हणून क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम काढतो." मी नाण्यावर हात ठेवला. काटा. म्हटलं, "बघितलं की एकच मिळतं ना? मग बाकीची उत्तरं गेली कुठे? आणि हेच बरोबर कशावरून?" तर म्हणे, "त्याला गणित लागतं, मामा. तुम्हाला नाही कळायचं." सगळे हसले. माझी बहीणसुद्धा.

ते मला लागलं. पुढे सात-आठ महिने रोज संध्याकाळी वही घेऊन बसलो. आज ठामपणे सांगतो, माझा प्रश्न बरोबर होता आणि ते नाण्याचं उदाहरण चूक.

नाणं एकदा उडवा, दोनदा उडवा, छापा-काटा निम्मे-निम्मेच. क्युबिटवर हॅडामार्ड नावाचं गेट, म्हणजे त्याची स्थिती बदलणारी एक क्रिया, लावतात. ० वर एकदा लावून मोजलं, म्हणजे काय आहे ते बघितलं, तर ० किंवा १, निम्मी-निम्मी शक्यता. इथवर नाण्यासारखंच. पण मध्ये न मोजता तेच गेट पुन्हा लावा, दर वेळी ०च येतो. कुठलं नाणं असं वागतं?

क्युबिटच्या खात्यात थेट शक्यता नसते. एक आकडा असतो, तो उणेही असू शकतो, आणि त्याचा वर्ग म्हणजे शक्यता. दोन गेटांनंतर ० कडे दोन वाटांनी अर्धा-अर्धा येतो, बेरीज १. १ कडेही दोन वाटा, पण एकीवरून अधिक अर्धा, दुसरीवरून उणे अर्धा. जमा-नावे होऊन शिल्लक शून्य. हे वहीत जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, मी बायकोला उठवून दाखवलं.

सगळी करामत एवढीच: चुकीच्या उत्तरांच्या वाटा एकमेकींना खोडतील अशी मांडणी शोधायची. ती थोड्याच कामांसाठी सापडली आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव पाडायला शोधली. लव ग्रोव्हर यांची १९९६ ची पद्धत घ्या. क्रम न लावलेल्या १० लाख नोंदींत एक शोधायची तर साध्या पद्धतीने सरासरी ५ लाख बघाव्या लागतात, तिच्यात सुमारे ८०० फेऱ्या. सगळी उत्तरं एकदम हाती येत असती तर एकच फेरी पुरली असती ना?

तेव्हा नाण्यापासून सुरुवात करूच नका. बारावीला गणित असेल तर मॅट्रिक्स आठवा, तेवढ्यावर हे गेट हाताने सुटतं. आणि कोणी नाणं काढलंच तर त्याला विचारा, हॅडामार्ड दोनदा लावला की काय येतं.

एक सांगायचं राहिलं, ते आकडे खरं तर कॉम्प्लेक्स (उणे एकाचं वर्गमूळ धरून केलेले) असतात, मी अधिक-उण्यावर भागवलंय. एंटँगलमेंटला, म्हणजे क्युबिट एकमेकांत गुंतण्याला, तर हातच लावलेला नाही. आणि खऱ्या यंत्रात गोंगाटामुळे अधूनमधून १ येतोच.

भाच्याला वही अजून दाखवलेली नाही. या दिवाळीला येतोय.