क्लाउडच्या जागेसाठी वर्षाला साडेसहा हजार द्यावेत का?

प्रश्न: मी नाशिकचा, बँकेतून निवृत्त. मुलगा पुण्यात, मुलगी टोरांटोला. जीमेल भरल्याची सूचना सारखी येते. एफडीच्या पावत्या, पॉलिसी, फ्लॅटचे कागद घरच्यांना कुठूनही बघता यावेत म्हणून मुलगा म्हणतो, गुगलच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, दोन टीबीचा (सुमारे दोन हजार जीबीचा) प्लॅन घ्या, वर्षाला ६,५०० रुपये, सगळ्या कुटुंबाला चालेल. शेजारी म्हणतात, त्यापेक्षा हार्ड डिस्क घ्या. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. जीमेल भरलंय हा एक, आणि कागद सगळ्यांना दिसायला हवेत हा दुसरा. दोन टीबी हे पहिल्याचं उत्तर आहे, तेही गरजेपेक्षा कितीतरी मोठं. दुसऱ्याशी त्याचा संबंधच नाही.

फॅमिली प्लॅनमध्ये वाटून मिळते ती जागा, फायली नव्हेत. तुम्ही धरून सहा जण त्या दोन टीबीत सामावू शकता, पण ज्याच्या फायली त्यालाच दिसतात. शिवाय गुगलच्या फॅमिली ग्रुपमधले सगळे एकाच देशात राहणारे असावे लागतात, म्हणजे टोरांटोची लेक त्यात बसतच नाही. आणि जिला हे कागद सगळ्यांत आधी लागतील त्या तुमच्या पत्नीचा पत्रात स्वतंत्र उल्लेखही नाही.

कागद दाखवायला प्लॅन लागत नाही. जीमेलच्याच खात्यात मिळणाऱ्या गुगल ड्राइव्हवर, म्हणजे फायली ठेवायच्या जागेवर, एक फोल्डर करा आणि पत्नी व दोन्ही मुलांचे ईमेल पत्ते घालून तो शेअर करा. तुम्ही चढवलेल्या फायलींची जागा तुमच्याच खात्यातून जाते, बघणाऱ्याच्या नाही. पत्नीला बदल करण्याची परवानगी द्या, मुलांना फक्त बघण्याची पुरे. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय मात्र नको. ती लिंक चुकून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली तर तुमच्या ठेवी सगळी बिल्डिंग वाचेल.

फोल्डरमध्ये सगळ्यात वर एक पानी यादी ठेवा: बँक, शाखा, ठेव किंवा पॉलिसीचा नंबर, नॉमिनी. दहा वर्षं कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२३पासून रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर अशा ठेवी शोधता येतात, पण वारसांवर ती वेळ आणायची कशाला? पिन आणि पासवर्ड या यादीत लिहू नका. खरेदीखत आणि मृत्युपत्र मूळ स्वरूपात कपाटातच हवं, स्कॅन फक्त संदर्भापुरता. आधार, पॅन सरकारच्या डिजिलॉकर ॲपवर घ्या. फुकट आहे, आणि तिथून मिळालेला दाखला मूळ कागदासारखाच ग्राह्य धरला जातो.

आता पैशांचं. फुकटची १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटो मिळून आहे. कागदांनी ती भरत नाही. पाचशे पानांचे स्कॅनही साधारण अर्ध्या जीबीत मावतात. भरतात ते व्हिडिओ. जून २०२१पासून फोटोही या मोजणीत येतात, आणि अँड्रॉइड फोनवर आता व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. तेव्हा जागा विकत घ्यायचीच तर १०० जीबी घ्या, वर्षाला १,३०० रुपये. दर तेच राहिले तर दहा वर्षांत १३,००० आणि ६५,००० असा फरक पडतो. हे भाड्याच्या खोलीसारखं आहे: एकदा सामान भरलं की सोडवत नाही. पैसे थांबवले आणि सामान १५ जीबीच्या वर असलं तर नवीन ईमेल येणंच बंद होतं, त्यात बँकेची स्टेटमेंटंही आली.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लग्नामुंजीचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर हलवा, पण एकाच डिस्कवर विसंबू नका. दुसरी प्रत मुलाकडे पुण्याला ठेवा. नाशिकच्या कपाटातली डिस्क टोरांटोहून उघडत नाही, म्हणून कागदांसाठी मात्र ती उपयोगाची नाही.

गुगल खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ अशी सोय आहे. तुम्ही ठरवलेल्या मुदतीत, म्हणजे तीन महिने ते दीड वर्ष, खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला तुम्ही निवडलेला डेटा मिळतो. तिथे पत्नीचं नाव घाला. नॉमिनेशन फॉर्म भरण्याइतकंच हे सोपं आहे, आणि तितकंच टाळलं जातं.

तूर्त एक पैसाही भरू नका. गुगल खात्यातला स्टोरेज मॅनेजर (कशाने किती जागा घेतली ते दाखवणारं पान) उघडा, मोठ्या फायली आधी हार्ड डिस्कवर उतरवा, मग खात्यातून काढा आणि ट्रॅशही रिकामा करा. आकडा १५ जीबीच्या बराच खाली आला, तर १,३०० रुपयेही खर्च करायचं कारण उरणार नाही.