विद्यासागर सेतूला ‘झुलता पूल’ म्हणावं का?

सांगलीच्या एका शिक्षिकेने विचारलंय: कोलकात्याच्या विद्यासागर सेतूचं वर्णन मुलांना ‘झुलता पूल’ असं लिहून दिलं तर चालेल का? नसेल, तर हा पूल ज्या ‘केबल-स्टेड’ प्रकारचा आहे, त्याला मराठीत काय म्हणायचं?

‘झुलता’ चालणार नाही. ऋषिकेशच्या लक्ष्मणझुल्यासारख्या पुलात दोन मनोऱ्यांवरून जाड दोर झोकात सोडलेला असतो आणि त्याला उभ्या तारांनी रस्ता टांगलेला असतो. हुगळीवर १९९२ साली खुल्या झालेल्या विद्यासागर सेतूत हा झोक नाहीच. मनोऱ्यावरून निघालेल्या तिरक्या तारा सरळ रेषेत येऊन रस्त्यालाच भिडतात. त्यांच्या जोरावर मधला ४५७ मीटरचा गाळा खाली एकही खांब न घेता उभा आहे. गोव्याला जाताना पणजीत मांडवीवरचा २०१९चा अटल सेतू पाहिला असेल, तर त्याचा मधला भागही याच जातीचा. ‘केबल पूल’ही नको, केबल दोन्ही प्रकारांत असते.

शब्द शोधायला मात्र लांब जायला नको. विजेच्या खांबाला तिरकी बांधून जमिनीत पुरलेली तार असते ना, तिला आपल्याकडे गावोगाव ‘ताण’ किंवा ‘ताणतार’ म्हणतात. ‘ताणाला म्हैस बांधू नका’ असं वायरमन दर पावसाळ्यात बजावतो. इंग्रजी ‘स्टे’ म्हणजे नेमका हाच ताण. तेव्हा ‘ताणतारांचा पूल’ म्हणा. मथळ्यात आटोपशीर हवं तर ‘ताणपूल’. तंबूच्या दोऱ्यांना ‘तणावे’ हा जुना शब्द आहे, पण आज ‘तणावपूल’ म्हटलं तर पुलालाच रक्तदाब आहे असं वाटायचं!

‘सेतू’बद्दलही बाईंनी विचारलं होतं. तो पुलाचा प्रकार नव्हे. नाव भारदस्त करायला लावतात, इतकंच. सांगलीत कृष्णेवरच्या आपल्या १९२९च्या कमानदार आयर्विन पुलाला कोणी सेतू म्हणत नाही. पुरात तर ‘आयर्विनला पाणी किती फूट?’ एवढंच विचारतात, ‘पूल’ही गाळून.

बोलताना ‘केबल-स्टेड’ खुशाल म्हणा, अभियंतेही तेच म्हणतात. वहीत मात्र असं लिहून द्या: ‘विद्यासागर सेतू हा हुगळी नदीवरील ताणतारांचा पूल आहे.’ आणि प्रत्यय लागला की ‘पूलाचा’ नव्हे, ‘पुलाचा’ लिहा.