रस्त्यांच्या देखभालीत करिअर करायचं म्हणते मुलगी

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत एका कंत्राटदाराकडे इंटर्नशिप केली, तेव्हापासून रस्त्यांच्या देखभालीतच काम करणार असा हट्ट धरून बसली आहे. गगनबावड्याकडे निघालो की गाडी थांबवायला लावून साइडपट्टीचे फोटो काढते. खड्डे बुजवायला इंजिनिअर केलं का तिला? शिवाय आता सगळे रस्ते सिमेंटचे होणार, मग या कामाला भविष्य काय? मी पुण्यातल्या एमपीएससीच्या क्लासची फी भरली आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. पुढे लग्नाचंही बघायचं आहे. तुम्ही तिला समजावून सांगा.
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : फी भरली आहे आणि तिला सांगितलेलं नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. मतदानाला जाणाऱ्या मुलीची पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही परस्पर ठरवून टाकलीत आणि आता ते तिच्या गळी उतरवायचं काम माझ्यावर सोपवताय. ते मी करणार नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी मनापासून करणाऱ्यालाही पिळून काढते. दुसऱ्याच्या इच्छेखातर बसलेली मुलं पहिल्या अपयशातच खचतात, मग घरात ‘तुझ्यावर एवढे पैसे घातले’ हे पालुपद सुरू होतं. अशी पंचविशीतली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. वडिलांचा विषय काढला की गप्प होतात.

आणि जरा विचार करा. ती बांधकाम खात्यात लागलीच, तर पहिल्या पावसाळ्यात तिला कुठे पाठवतील? त्याच रस्त्यांवर, खड्डे मोजायला आणि मोऱ्या तुंबल्यात का ते बघायला. काम तेच, चिखल तोच. म्हणजे तुमची हरकत कामाला नाहीच, नोकरीवर सरकारी शिक्का नाही याला आहे. तिच्याशी बोलताना ते तसंच स्पष्ट म्हणा. निदान भांडण खऱ्या मुद्द्यावर होईल.

साइडपट्टीच्या फोटोंची तुम्ही तक्रार केलीत. मला मात्र ते वाचून फार बरं वाटलं. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार देतात, म्हणजे मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर. पावसाचं पाणी त्या उतारानं कडेच्या गटारात गेलं पाहिजे. पण साइडपट्टीवर गवत माजतं, माती साठते आणि ती हळूहळू रस्त्यापेक्षा उंच होते. पाणी कडेलाच थांबतं, भेगांतून आत मुरतं आणि डांबर खडीला सोडायला लागतं. पाऊस सरला की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि कडा तुटते. खड्डा दिसतो तो त्यानंतर. तुमच्या मुलीला तो पडण्याआधीच दिसतोय. ही नजर कॉलेजात शिकवून येईलच असं नाही.

देखभालीतलं महत्त्वाचं काम खड्ड्याच्या आधीचंच आहे. भेगा सील करणं, स्लरी सील किंवा मायक्रोसरफेसिंग, म्हणजे डांबराचं इमल्शन आणि बारीक खडी यांचा काही मिलिमीटरचा थर. हे थर पाणी अडवतात, रस्त्याला ताकद देत नाहीत. खालचा पाया खचला असेल तर तो खर्च वाया. म्हणून एफडब्ल्यूडी नावाच्या यंत्रानं रस्त्यावर वजन पाडतात, पृष्ठभाग किती दबला ते सेन्सरनं मोजतात आणि मग कुठल्या रस्त्याला नुसता थर पुरेल, कुठला उकरावा लागेल हे ठरतं. ते ठरवायला इंजिनिअरच लागतो.

आता सिमेंटच्या रस्त्यांबद्दल. सिमेंटचा रस्ता एकदा केला की पुढे काही करावं लागत नाही, हा समज मी सुशिक्षित घरांतही ऐकते. काँक्रीट आकुंचन-प्रसरण पावतं, म्हणून साधारण दर साडेचार मीटरवर त्याला सांधा कापतात आणि पाणी आत जाऊ नये म्हणून त्यात सीलंट, म्हणजे लवचिक भरण, भरतात. ते सीलंट उन्हापावसानं कडक होतं, निघतं. वेळेत बदललं नाही तर सांध्यातून पाणी खाली जातं, अवजड गाडी गेली की खालची बारीक माती पाण्याबरोबर बाहेर फेकली जाते, आत पोकळी होते आणि दोन सांध्यांमधला स्लॅब हलायला लागतो, तडकतो. डांबराला पॅच मारता येतो, तडकलेला स्लॅब बदलायचा तर तो फोडावा लागतो आणि नवं काँक्रीट पक्कं होईपर्यंत तेवढा भाग बंद ठेवावा लागतो. त्यामुळे सिमेंटचे रस्ते वाढले तरी तिचं काम संपणार नाही. शिवाय पंतप्रधान ग्रामसडक योजनेत तर बांधणाऱ्या कंत्राटदारानंच पुढची पाच वर्षं देखभाल करायची, असं करारातच असतं.

परीक्षांचे मार्ग तुम्हाला ठाऊक आहेतच: एमपीएससीची स्थापत्य अभियांत्रिकी सेवा, कनिष्ठ अभियंत्याची भरती, एम.टेक.साठी गेट. तिला स्वतःला वाटलं तर दोन वर्षं नोकरी करूनही यातलं काहीही देता येतं.

तुमची काळजी मी उडवून लावत नाही. पण ती ‘लोक काय म्हणतील’ यावर खर्च करू नका. शहरातलं डांबरीकरण पुष्कळदा रात्री चालतं. कंपनी रात्री घरी सोडायला गाडी देते का? साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? डांबर-खडीचं गरम मिक्स दीडशे अंशांच्या आसपास असतं, तर बूट, हातमोजे, रिफ्लेक्टर जॅकेट मिळतं का? बापानं विचारावेत असे हे प्रश्न आहेत. आणि स्थळं बघताना मुलीचं काम लपवावं लागत असेल, तर ते स्थळ तिच्या कामाचं नाही.

आधी क्लासचं तिला आजच सांगा आणि फी परत मिळते का ते विचारा. तिच्यासाठीही निरोप आहे. नुसतं ‘देखभालीत काम’ म्हणणं पुरेसं नाही. कंत्राटदाराकडे क्वालिटी कंट्रोल, सल्लागार कंपनीत सर्वेक्षण, की मटेरियल लॅब, हे तिनं ठरवावं. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 82 ही डांबरी रस्त्यांच्या देखभालीची संहिता आहे, ती कॉलेजच्या लायब्ररीत शोधून वाचावी आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच विषयावर घ्यावा. खासगीत सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि बिलं अडकली की तो लांबतोही. नियुक्तीपत्र, पीएफ आणि पगाराची तारीख लेखी मिळाल्याशिवाय तिनं कुठेही रुजू होऊ नये.