याबेश-गिलादला सात दिवस का मिळाले?

ताई, तुम्ही विचारलंत की बायबलच्या 1 शमुवेल 11 मध्ये याबेशचे लोक गावाला वेढा घालणाऱ्या नाहाशाशी न लढताच करार करायला का निघाले, आणि डोळे फोडण्याची भाषा करणाऱ्या त्या अम्मोनी राजाने सात दिवसांची मुदत तरी कशी दिली. त्यासाठी आधी बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकाचा 21 वा अध्याय वाचा.

मिस्पाच्या सभेला याबेशातून कोणी आलं नाही, म्हणून इस्राएलांनीच 12,000 लढवय्ये पाठवून ते गाव कापून काढलं. वाचल्या त्या 400 कुमारिका. त्या मुली यादवी युद्धातून उरलेल्या बन्यामीन वंशाच्या पुरुषांना बायका म्हणून दिल्या. यार्देन नदीपलीकडचं गाव, त्यात आपल्याच माणसांनी पोळलेलं. ते कोणाच्या भरवशावर लढणार? मला तरी त्यांच्यात भ्याडपणा दिसत नाही.

नाहाशाची अट होती प्रत्येकाचा उजवा डोळा. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस म्हणतो, डावा डोळा ढालीआड जातो. उजवाही गेला की माणूस लढाईला निकामी. पण नाहाश स्वतःच्या तोंडाने वेगळं कारण सांगतो: सगळ्या इस्राएलाची बेअब्रू. मुदतीचं कोडं मला इथेच सुटतं. दूत गावोगाव रडत हिंडावेत आणि कोणीही उठू नये, याहून मोठी बेअब्रू कोणती? कोणी येणार नाही याची त्याला खात्रीच होती.

दूत इस्राएलाचा पहिला राजा शौल याच्या गिब्याला पोहोचले. गिबा म्हणजे बन्यामिनांचं गाव. त्या 400 मुलींची नातवंडं-पतवंडं तिथे असणारच, असं मी धरून चालतो. वचनात तसं लिहिलेलं नाही. लोक हंबरडा फोडतात, शेतातून बैलांमागून येणारा शौल विचारतो, "काय झालं?" मग लढाईला निघण्याची हाक म्हणून बैलांचे तुकडे देशभर जातात. शास्ते 19 मध्ये याच गिब्यात अत्याचार होऊन मेलेल्या स्त्रीचे तुकडे असेच पाठवले होते. ऐकणाऱ्यांना ते आठवल्याशिवाय राहिलं नसेल.

1 शमुवेल 11 मधलं 10 वं वचन सावकाश वाचा. उद्या ऊन तापेपर्यंत सुटका होईल, हा शौलाचा निरोप हाती आल्यावर याबेशकर शत्रूला कळवतात, "उद्या आम्ही तुमच्याकडे बाहेर येऊ." मूळ हिब्रू क्रियापद शरण येण्यालाही चालतं आणि लढाईला निघण्यालाही. नाहाशाने पहिला अर्थ घेतला. पहाटेच्या प्रहरी शौलाच्या तीन टोळ्या त्याच्या छावणीत घुसल्या.

आणि 1 शमुवेलचा 31 वा अध्याय सोडू नका. पलिष्ट्यांनी शौलाचं प्रेत बेथ-शानच्या भिंतीवर टांगलं, तेव्हा याबेशचेच शूर पुरुष रातोरात चालून गेले. त्यांनी त्याला आणि त्याच्या मुलांना खाली काढलं, गावी आणून दहन केलं, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि उपास केला, सात दिवस.