नव्या शॉकअपवर गाडी जास्तच आदळते, काय सेट करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० चे कंपनीचे शॉकअप काढून गॅसच्या टाकीवाले नवे बसवलेत. वजन ६८ किलो, रोज कासारवडवली ते ऐरोली, महिन्यातून एखाद्या वेळी बायको मागे. आणि एवढा खर्च करूनही घोडबंदर रोडवर आधीपेक्षा जास्त दणके बसतायत. मेकॅनिक म्हणतो, "चालवा, बसतील हळूहळू."

थोडे बसतात हे खरं. नवे सील घट्ट असतात, दोन-तीनशे किलोमीटरनंतर हालचाल जरा मोकळी होते. पण कमरेत जो ठोसा बसतो तो सीलचा नसतो.

माझंही हेच झालं होतं. गाडी हीच, वजन ६६. मी वर्तकनगरहून महापेला जातो, म्हणजे कळवा, विटावा, ठाणे-बेलापूर रोड. ज्या दुकानात शॉकअप बसवले त्यांनी "डबल सीटलाही चालेल" म्हणून स्प्रिंगची रिंग चांगली आवळून दिली होती. आठवडाभरात गाडी मागून उसळतेय असं वाटायला लागलं, म्हणून मी स्वतःच रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकअप परत वर येण्याचा वेग ठरवणारा, नॉब चार क्लिक कडक केला. एका स्पीडब्रेकरवर झकास. पण ओळीने पाच-सहा पट्ट्या आल्या की शेवटची थेट मणक्यात. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जाताना तर मी पायांवर उभाच राहायचो.

गोम अशी की चाक वर कसं जाईल याचा विचार सगळे करतात, ते खाली कसं उतरेल याचा कुणी करत नाही. स्पीडब्रेकर आला की चाकाला वर जायला जागा लागते. खड्डा आला की खाली उतरायला लागते, आणि तीही लगेच. ती मिळाली नाही तर मागची अख्खी गाडी खड्ड्यात पडते, तुमच्यासकट. आपल्याकडे दोन्हींपैकी काय जास्त आहे ते सांगायला नको.

ही खाली उतरायची जागा म्हणजे सॅग. तुम्ही गाडीवर बसल्यावर शॉकअप जेवढा दबतो तेवढाच तो खड्ड्यात उलगडू शकतो. आता रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते असं जवळपास प्रत्येक गॅरेजवाला सांगेल. होत नाही. स्प्रिंग तीच, तेवढीच कडक. प्रीलोड, म्हणजे रिंगने स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की गाडी फक्त उंच उभी राहते, म्हणजेच सॅग कमी होतो. मग खड्ड्यावर शॉकअप पूर्ण उलगडून वरच्या टोकाला ठक्कन थांबतो. तो आवाज ऐकून मला आधी बुश गेलेत असंच वाटलं होतं.

मोजायला मेजरिंग टेप आणि एक मदतनीस पुरतो. मागच्या अॅक्सलपासून सरळ वर, सीटखाली एक खूण करा. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत असताना पहिलं माप घ्या. मग गाडी चाकांवर उभी, कुणी बसलेलं नाही, ते दुसरं. तिसरं माप तुम्ही हेल्मेट, ऑफिसची बॅग सगळं घेऊन बसल्यावर, पाय फूटरेस्टवर. पुढून कुणीतरी हँडल धरायचं. दुसऱ्या-तिसऱ्या मापाआधी गाडी एकदा दाबून सोडा नि मोजा, मग एकदा उचलून सोडा नि मोजा, मधला आकडा धरा. घर्षणामुळे दोन-तीन मिमी फरक सहज येतो.

या गाडीला मागे एकूण ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वर-खाली व्हायची जागा, ८८ मिमी. तुम्ही बसल्यावर त्याचा पाव ते एक तृतीयांश भाग, म्हणजे २२ ते २९ मिमी दबायला हवा. नुसत्या गाडीच्या वजनाने साधारण ९ ते १३. माझी मापं आली ५४०, ५३६, ५२७. म्हणजे मी बसूनही जेमतेम १३ मिमी. खड्ड्यासाठी बोटभर जागा! दोन्ही बाजूंची रिंग नऊ-नऊ मिमी सोडली तेव्हा ५४०, ५२७, ५१८ झालं. रिंग फिरवायचा सी-पाना शॉकअपबरोबर मिळतो. वरची लॉक रिंग आधी ढिली करा, आटे पुसून घ्या, आणि आटे मोजत बसण्यापेक्षा दोन्ही स्प्रिंगची लांबी व्हर्नियरने जुळवा.

उलट टोकाला जाऊ नका. मऊ पाहिजे म्हणून रिंग पार सोडली की खाली उतरायची जागा मिळते, पण वरची संपते. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला शॉकअप तळाला टेकतो, आणि तो दणका पहिल्यापेक्षा वाईट.

आता रिबाउंड. दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उलगडू द्यायची, ते हा नॉब ठरवतो. आत तेल बारीक वाटांतून जातं, तो नॉब ती वाट अरुंद करतो. फार कडक केलात तर पहिल्या पट्टीला दबलेला शॉकअप पूर्ण उलगडायच्या आत दुसरी पट्टी येते, मग तिसरी. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा खाली बसत जातो आणि शेवटी दबायला काही उरतच नाही. माझ्या मणक्याचं कोडं हेच होतं. शॉकअप कडक नव्हता, तो परत येत नव्हता.

नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, जोर लावू नका, आणि तिथून मागे मोजत कंपनीच्या कागदावर दिलेल्या क्लिकवर या. दोन्ही बाजू सारख्याच. मग सीट जोरात दाबून सोडा. ऑफिसच्या दाराच्या क्लोझरसारखी रेंगाळत वर आली तर फार कडक. वर येऊन पुन्हा खाली-वर हलत राहिली तर फार मोकळी. एकदाच वर येऊन थांबली की सुरुवात बरी आहे. पुढचं रस्त्यावर: रविवारी सकाळी लवकर, सर्व्हिस रोडचा एकच पेव्हर ब्लॉकचा तुकडा, एकच वेग, दर फेरीला एकच बदल, दोन-दोन क्लिक. मोबाइलमध्ये लिहून ठेवा, तिसऱ्या फेरीनंतर काहीच आठवत नाही. मी शेवटी आधीच्यापेक्षा सहा क्लिक मोकळं ठेवलं.

नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवूनही सीट दाबताना काहीच फरक जाणवला नाही, तर वाईट बातमी आहे. बाजारात नुसत्या शोभेच्या टाकीचे, शोभेच्या नॉबचे शॉकअप भरपूर मिळतात. आणि टाकी खरी असेल तर तिच्या व्हॉल्व्हला हात लावू नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, तेलाचा फेस होऊ नये म्हणून. "हवा कमी करून देतो" म्हणणाऱ्या पंक्चरवाल्याला टायरपुरतंच ठेवा. टायरवरून आठवलं, हे सगळं करण्याआधी गार टायरचा प्रेशर नीट मापून घ्या, अंदाजे भरलेल्या हवेवर कुठलंच सेटिंग खरं वाटत नाही.

सगळं करूनही तुम्ही बसल्यावरचा आकडा बरोबर येतो पण नुसती गाडी वीसेक मिमी दबते, तर ती स्प्रिंगच तुमच्या वजनाला जड आहे. विक्रेत्याला वजन सांगून हलकी मागा, चांगल्या कंपन्या देतात. आणि अपेक्षा बेताची ठेवा: जुन्या हिमालयन ४११ ला मागे १८० मिमी ट्रॅव्हल आहे, आपल्याकडे त्याच्या निम्मा. तो गादीवरचा प्रकार या गाडीत येणार नाही.

बायको बसली की माझा सॅग ३३-३४ वर जातो. शहरातल्या चार किलोमीटरला मी तसंच चालवतो. माळशेजला वगैरे जायचं असेल तर रिंग सहा मिमी आवळतो आणि रिबाउंड दोन क्लिक कडक करतो, कारण जास्त दबलेली स्प्रिंग परत फेकतेही जोरात. घरी आल्यावर परत मूळ जागी. त्या दोन्ही जागांवर मार्करने खुणा करून ठेवल्यात, दहा मिनिटांचं काम आहे.

मागची उंची बदलली की साखळीचा ढिलेपणा आणि हेडलाइटचा झोतही बदलतो. साखळी त्याच दिवशी तपासा.