व्यापारी तूट दरवर्षीच असते, मग रुपया कधी घसरतो आणि कधी वधारतो, असं का?

मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये सुका मेवा आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेब बघतो. अर्थशास्त्र शिकलेलो नाही, पण सकाळी चहाच्या आधी डॉलरचा भाव बघायची सवय लागून बरीच वर्षं झाली.

आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली, म्हणजे व्यापारी तूट आली, की डॉलरला मागणी वाढून रुपया पडतो, हे पुस्तकातलं उत्तर चूक नाही. बदामाचा कंटेनर कॅलिफोर्नियाहून न्हावाशेव्याला उतरतो, त्याचं बिल चुकवायला आम्ही बँकेला रुपये देतो नि डॉलर घेतो. आमच्यासारखे हजारो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेल कंपन्या, कारण कच्चं तेल आपण ८५ टक्क्यांच्या आसपास बाहेरून आणतो. विकणाऱ्यांपेक्षा घेणारे जास्त झाले की डॉलर महागणारच.

पण व्यापारी तूट हा फक्त मालाचा हिशेब. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाऊन बघा. आयातीचा माल लादलेले ट्रेलर ज्या रस्त्याने धावतात, त्याच्याच कडेला ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींमध्ये आयटीवाले अमेरिकेची कामं करून डॉलर कमावत असतात. शिवाय बाहेर गेलेले आपले लोक वर्षाला १०० अब्ज डॉलरहून जास्त घरी पाठवतात. हे सगळं धरूनही जी उरते ती चालू खात्याची तूट. ती परदेशी गुंतवणूक नाहीतर कर्जाने भरते. भरणारा राजी असेल तोवर रुपयाला धक्का लागत नाही. २००७ मध्ये मालाची तूट फुगतच होती, तरी डॉलर ४० रुपयांच्या खाली आला होता, कारण परदेशी पैसा धो धो येत होता. तेव्हा रडत होते ते निर्यातदार.

२०१३ मध्ये आमची पाळी आली. २०१२-१३ ची चालू खात्याची तूट जीडीपीच्या ४.८ टक्के होती, त्यात तेल आणि सोनं मोठं. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, तेव्हाचे प्रमुख बर्नान्के म्हणाले, रोखेखरेदी कमी करू शकतो, म्हणजे बाजारात ओतला जाणारा स्वस्त डॉलर आटणार. झालं, तूट भरणाराच पाय मागे घ्यायला लागला. तेव्हा डॉलर ५५ च्या आसपास होता. आमचा एक लाख डॉलरचा माल ९० दिवसांच्या उधारीवर आला होता. बिल भरायची वेळ ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आली, आणि आम्ही ६७ ने डॉलर घेतला. पंचावन्न लाखांचे सदुसष्ट लाख झाले, आणि माल तर ५५ च्या जुन्या पडत्याने, म्हणजे तेव्हाच्या खर्चाच्या हिशेबाने, कधीच विकून बसलो होतो.

त्या दिवसांत एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. ज्यांची बिलं ऑक्टोबरची होती तेही घाबरून आजच डॉलर घेत होते. निर्यातदार मात्र उद्या अजून भाव मिळेल म्हणून डॉलर बाहेरच ठेवत होते. तूट आठवड्याभरात कुठे एवढी वाढते? पण बाजारात डॉलर मिळेना. २८ ऑगस्टला भाव ६८ च्या वर गेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तेल कंपन्यांना वेगळ्या खिडकीतून डॉलर दिले, म्हणजे सगळ्यात लांब रांगच बाजारातून उचलली. मग सप्टेंबरपासून बँकांना सवलत देऊन अनिवासी भारतीयांच्या ठेवी वगैरेंतून ३४ अब्ज डॉलर आणले, आणि रुपया सावरला.

रुपया घसरला की आयात कमी होऊन तूट आपोआप भरते, असंही तुम्ही वाचलं असेल. बदामाला ते लागू पडतं, किलोचं गिऱ्हाईक पाव किलोवर येतं. पेट्रोल कोण कमी भरतो? उलट सुरुवातीचे काही महिने तेवढीच आयात महाग पडून रुपयांतली तूट वाढलेलीच दिसते.

दर महिन्याच्या मध्याला तुटीचा आकडा येतो, त्या दिवशी आमच्याकडे कोणी पान हलवत नाही. पण तेल चढलं आणि त्याच आठवड्यात परदेशी गुंतवणूकदार शेअर विकत सुटले, की शेठ बँकेत फोन लावून तीन महिन्यांनंतरचे डॉलर आजच बुक करायला सांगतात. त्याचा प्रीमियम वर मोजावा लागतो. मग डॉलर खाली आलाच, तर त्या प्रीमियमवरून महिनाभर माझ्यावर कुरकुरतात.